दंड आणि भूमी

एकाच अपराधाला एकच दंड असावा, हे तत्त्व ऐकताक्षणी पटते. राव आणि रंक यांना कायद्याने एकाच मापाने मोजावे, यात न्यायाचे सारे सार आले असे आपल्याला वाटते. आणि ज्या समाजात शतकानुशतके अपराध्याची जात पाहून दंड ठरत आला, त्या समाजाला तसे वाटणे स्वाभाविकही आहे. तथापि 'एकच दंड' म्हणजे नेमके काय एक, हा प्रश्न त्या तत्त्वाने सुटत नाही. दंडाचा आकडा एक, की त्या दंडाने होणारी हानी एक? हा प्रश्न तपासण्यासाठी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते असे नाही. मोटारींच्या शर्यतींसारख्या, वरवर पाहता तत्त्वचिंतनाशी काही देणेघेणे नसलेल्या खेळातही तो अतिशय स्वच्छ स्वरूपात समोर येतो.

बंगळूर हे यंत्रांशी सख्य असलेले शहर आहे. 1940 साली येथे विमानांचा कारखाना निघाला, आणि पुढे यंत्रे घडवणारी, तपासणारी, त्यांच्याविषयी बोलण्यात रमणारी अशी माणसांची एक मोठी वस्ती या शहरात तयार झाली. आंतरराष्ट्रीय दर्जाचा शर्यतीचा मार्ग मात्र येथे नाही. शहराच्या परिसरात कार्टिंगचे छोटे मार्ग आहेत. त्यापुढची भूक भागवायची तर चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा किंवा कोइमतूरचा मार्ग गाठावा लागतो. तरीही या खेळाचे चाहते येथे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या वादाचे विषय ठरलेले आहेत. पहिला वाद शर्यतीचा मार्ग कसा असावा याचा: अरुंद, जुना, चुकीला क्षमा न करणारा, की रुंद, नवा, मागच्याला पुढे जाण्याची संधी देणारा? दुसरा वाद दंडाचा: पात्रता फेरीत मिळवलेली जागा एखाद्या नियमभंगापायी काढून घेणे कितपत न्याय्य आहे? हे दोन वाद वेगळे मानले जातात. पहिला स्थापत्याचा, दुसरा नीतीचा. माझ्या मते ते एकाच प्रश्नाचे दोन अर्धे आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून देता येत नाही.

या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी सामान्यतः पात्रता फेरी होते. तीत ज्याने एक फेरा सर्वांत कमी वेळात पुरा केला, तो दुसऱ्या दिवशी सर्वांच्या पुढे उभा राहतो. बाकीचे आपापल्या वेळेच्या क्रमाने त्याच्या मागे. या आरंभक्रमाला ग्रिड म्हणतात. एखाद्याने नियम मोडला, कुणाची वाट अडवली, धोक्याचा पिवळा ध्वज दिसत असताना वेग कमी केला नाही, किंवा ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक इंजिने वापरली, तर त्याला या क्रमात तीन, पाच वा दहा जागा मागे ढकलतात. दंडाचे चलन पैसा नाही, काळ नाही. जागा हे त्याचे चलन आहे.

आता या चलनाचे मूल्य पाहू. 30 ऑक्टोबर 2011 रोजी ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. तिच्या सरावात पिवळ्या ध्वजांकडे दुर्लक्ष केल्याबद्दल लुईस हॅमिल्टन आणि सर्जिओ पेरेझ या दोघांना प्रत्येकी तीन जागांचा दंड झाला. अपराध एक, दंड एक. हॅमिल्टनने पात्रता फेरीत दुसरा क्रमांक मिळवला होता. तो पहिल्या रांगेतून पाचव्या जागेवर गेला, आणि विजयाच्या शक्यतेतील मोठा वाटा त्याने तेथेच गमावला. पेरेझ मुळातच बराच मागे होता. तीन जागांनी त्याचे भवितव्य फारसे बदलले नाही, आणि शर्यतीअखेर तो दहावा येऊन एक गुणही मिळवून गेला. याच शर्यतीत आपला नारायण कार्तिकेयन यालाही दंड झाला. पात्रता फेरीत मायकेल शूमाकरची वाट अडवल्याबद्दल त्याला पाच जागा मागे जाण्यास सांगण्यात आले. शर्यतीत एकूण चोवीस गाड्या होत्या आणि कार्तिकेयनची गाडी सर्वांत दुबळ्या संघांपैकी एकाची, शेवटच्या रांगांत उभी राहणारी होती. पाच जागा मागे जायला त्याच्या मागे पाच जागाच नव्हत्या.

यातून दोन गोष्टी दिसतात. जो वर आहे त्याला जागेचा दंड जड जातो. जो तळाशी आहे त्याला तो जवळजवळ लागतच नाही. पैशाच्या दंडाची गोष्ट नेमकी उलटी असते. तेथे तळाचा माणूस चिरडला जातो आणि वरचा खिशातून नोट काढून पुढे निघून जातो. दंड कोणत्या चलनात घ्यायचा, या वरवर तांत्रिक दिसणाऱ्या निर्णयातच तो कुणाला लागेल आणि कुणाला लागणार नाही हे ठरून गेलेले असते. ही जाणीव जुनी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सामान्य माणसाला जेथे एक कार्षापण दंड, तेथे राजाला सहस्र कार्षापण, असे सांगितले आहे. चोरीबद्दलही वरच्या वर्णाला अधिक पट दंड तेथे दिसतो. याच ग्रंथात अन्यत्र वरच्या वर्णाला सौम्य आणि खालच्याला क्रूर शिक्षा आहेत, हे विसरून चालणार नाही. तेव्हा तो ग्रंथ समतेच्या बाजूने साक्षीला उभा करता येत नाही. परंतु दंडाचे वजन दंडिताच्या स्थानावर अवलंबून असते, हे त्याला ठाऊक होते एवढे निश्चित. आधुनिक काळात फिनलंडने 1921 पासून अपराध्याच्या दैनिक उत्पन्नाच्या प्रमाणात दंड आकारण्याची पद्धत स्वीकारली, तिच्या मुळाशीही हीच जाणीव आहे.

परंतु स्थानाने गोष्ट संपत नाही. स्थानाखाली भूमी असते, आणि मार्गरचनेचा वाद येथे दंडाच्या वादाला येऊन मिळतो.

बुद्ध मार्ग हर्मान टिल्के या जर्मन स्थापत्यकाराने आखला. त्याची लांबी 5.125 किलोमीटर, त्यात सोळा वळणे आणि एक किलोमीटरहून अधिक लांबीचा सरळ पट्टा आहे. काही वळणांच्या तोंडाशी रस्ता मुद्दाम रुंद केलेला आहे, जेणेकरून मागून येणाऱ्याला वेगळी रेषा धरून पुढे जाता यावे. टिल्केच्या मार्गांवर जुने रसिक नाराज असतात. ते म्हणतात की हे मार्ग एकाच साच्यातून काढल्यासारखे आहेत, त्यांना स्वभाव नाही, चूक करणाऱ्याला ते भिंतीवर न आपटता मोकळ्या पट्ट्यात अलगद सोडून देतात. याच्या दुसऱ्या टोकाला मोनॅको आहे. तेथे 1929 पासून शहराच्या रस्त्यांवरूनच शर्यत धावते. फेरा अवघा 3.337 किलोमीटरांचा, दोन्ही बाजूंना पोलादी कठडे, आणि गाड्या काळाबरोबर रुंद होत गेलेल्या. त्यामुळे तेथे पुढच्याला मागे टाकणे जवळपास अशक्य झाले आहे. मोनॅकोची शर्यत शनिवारीच संपते, रविवारी तिची मिरवणूक निघते, असे चाहते थट्टेने म्हणतात.

आता तीन जागांचा दंड या दोन भूमींवर ठेवून पाहा. बुद्धसारख्या मार्गावर तो एक अडथळा आहे. चांगला चालक तासाभरात तो ओलांडू शकतो. मोनॅकोत तोच दंड बहुतांशी अंतिम निकाल ठरतो. नियमपुस्तकात दोन्हीकडे अक्षर एकच, आकडा एकच. पण एके ठिकाणी ती ताकीद असते आणि दुसऱ्या ठिकाणी जन्मठेप. म्हणजे दंड देणारा पंच एक वजन ठरवतो आणि कित्येक वर्षांपूर्वी रस्ता आखून गेलेला स्थापत्यकार, आपल्या नकळत, त्या वजनाला दुसऱ्या एका संख्येने गुणत असतो. अपवादही नोंदवले पाहिजेत. 2006 साली मोनॅकोच्या पात्रता फेरीत शूमाकरने अखेरच्या क्षणी गाडी वळणावर थांबवून इतरांची संधी हिरावली, असा पंचांनी निर्णय दिला आणि त्याला सर्वांच्या मागे पाठवले. तेथून तो पाचवा आला. पण तो शूमाकर होता, त्याची गाडी अव्वल होती, आणि तरीही त्या सप्ताहात सर्वांत वेगवान ठरलेल्या त्या माणसाला पाचव्याच्या पुढे सरकता आले नाही. विजय फर्नांडो अलोन्सोचा झाला, ज्याला अग्रस्थान या दंडामुळे लाभले होते.

महाभारताच्या वाचकाला येथे कर्णाची आठवण होणे अपरिहार्य आहे. कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले. सारथ्य करणारा शल्य मनाने त्याच्या बाजूचा नव्हता. आणि ऐन घटकेला त्याने अर्जुनाला धर्माची आठवण करून देऊन थांबण्याची विनंती केली. कृष्णाने जे उत्तर दिले त्याचे तात्पर्य असे की, द्यूतसभेत आणि अभिमन्यूच्या वधाच्या वेळी तुझा धर्म कोठे गेला होता. या प्रसंगात माणसाची करणी, सोबत्याचे वर्तन आणि भूमीची अवकृपा या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी एकत्र येतात, आणि कर्णाच्या पदरी पडलेल्या फळातील किती भाग त्याच्या कर्माचा, किती शापाचा, हे आपण दोन हजार वर्षे ठरवू शकलेलो नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी 1976 साली 'नैतिक दैव' या संज्ञेखाली हाच पेच मांडला. जे आपल्या ताब्यात नव्हते त्यासाठी आपल्याला बोल लावू नये, असे आपण मानतो. आणि प्रत्यक्षात सर्व काळ तसाच बोल लावत असतो.

बंगळूरच्या कुश मैनी या तरुण चालकाच्या वाट्याला हा पेच आला आहे. फॉर्म्युला टू या, फॉर्म्युला वनच्या खालच्या श्रेणीत 2024 सालच्या पहिल्याच पात्रता फेरीत, बहारीनमध्ये, तो सर्वांत वेगवान ठरला. नंतरच्या तपासणीत गाडीत तांत्रिक नियमभंग आढळला. त्याची वेळ रद्द झाली, त्याला मागे जावे लागले, आणि अग्रस्थान त्याच्याच संघातील सहकारी गॅब्रिएल बोर्तोलेतो याच्याकडे गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये हंगेरीत रिचर्ड व्हर्शूर एक शर्यत जिंकला आणि त्याच्या गाडीत नियमभंग सापडल्यामुळे बाद झाला. दुसरा आलेला मैनी विजयी घोषित झाला. एका वर्षात एकाच माणसाला यंत्राच्या दोषाने एकदा हिरावले आणि एकदा दिले. पहिल्या वेळी त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणावे, तर दुसऱ्या वेळी व्हर्शूरवरही झाला असे म्हणावे लागेल. आपल्या शहराच्या मुलाबाबत एक माप आणि परक्याबाबत दुसरे, असे करून चालणार नाही.

येथे शिक्षा आणि दुरुस्ती यांत भेद करणे मला महत्त्वाचे वाटते. गाडी नियमाबाहेर असेल, तर तिने नोंदवलेली वेळ ही त्या स्पर्धेतील वेळच नव्हे. तराजूचे पारडे सदोष निघाले, तर माप रद्द होते. दुकानदार चोर होता की नाही हा प्रश्न निराळा. त्या अर्थी मैनीची वा व्हर्शूरची वेळ रद्द होणे ही शिक्षा नव्हती, दुरुस्ती होती, आणि दुरुस्तीला चालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. चालक संघाच्या चांगल्या गाडीचा लाभ घेतो, तेव्हा तिच्या दोषाचा भारही त्याने सोसावा, यातही काही अन्याय नाही. पण इंजिन बदलल्याबद्दल जागा मागे ढकलणे ही दुरुस्ती नाही. त्या इंजिनाने कोणतेही माप खोटे केलेले नसते. खर्चावर मर्यादा घालण्यासाठी संघाला लावलेला तो दंड असतो आणि तो चालकाच्या पाठीवर वसूल होतो. 2015 साली बेल्जियमच्या शर्यतीत मॅक्लारेन संघाच्या दोन चालकांना मिळून 105 जागांचा दंड झाला. आणि त्या ग्रिडवर एकूण गाड्या वीस होत्या. ज्या दंडाचा आकडा अस्तित्वात असलेल्या जागांच्या पाचपट होतो, तो दंड आपला अर्थ गमावून बसला आहे हे पुढे नियमकर्त्यांनाही उमगले, आणि 2018 पासून पंधराहून अधिक जागांचा दंड झाल्यास सरळ सर्वांच्या मागे उभे राहायचे असा नियम झाला. हास्यास्पद आकडा गेला. दोष एकाचा आणि भार दुसऱ्यावर, ही मूळ अडचण मात्र राहिलीच.

मैनीच्या कारकीर्दीतील तिसरी घटना अधिक विचार करायला लावणारी आहे. 24 मे 2025 रोजी त्याने मोनॅकोत फॉर्म्युला टूची छोटी शर्यत जिंकली. तेथे ती जिंकणारा तो पहिला भारतीय. या छोट्या शर्यतीसाठी पात्रता फेरीतील पहिल्या दहा जणांचा क्रम उलटा लावतात. मैनी दहावा आला होता, म्हणून तो सर्वांत पुढे उभा राहिला, आणि तीसही फेरे त्याने ती जागा सोडली नाही. मग हा विजय कशाचा? जेथे पुढच्याला गाठणे जवळपास अशक्य, अशा रस्त्यावर दहावे येण्याचे बक्षीस म्हणून मिळालेली पहिली जागा, असे कुणी कुत्सितपणे म्हणू शकेल. घोड्यांच्या शर्यतीत सरस घोड्यावर अधिक वजन लादतात, हे बंगळूरच्या रेसकोर्सवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि जिंकलेल्या हलक्या घोड्याला कुणी लबाड म्हणत नाही. आपल्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीत कोणत्या गाडीला कोणता पट्टा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याची रीत आहे. चिठ्ठीने आलेली जागा कुणीच कमावलेली नसते. म्हणूनच तिच्याबद्दल कुणाची तक्रारही नसते. दैवाचा वाटा तेथे उघड मान्य केलेला असतो.

मैनीच्या विजयाबद्दलही मला असेच वाटते. क्रम उलटा लावण्याचा नियम सर्वांना आधी ठाऊक होता आणि सर्वांना सारखा लागू होता. भूमीने त्याला साहाय्य केले हे खरे. परंतु कठड्यांपासून वीतभर अंतरावर तीस फेरे एकही चूक न करणे, हे भूमी कुणासाठी करत नाही. माणसाच्या वाट्याला आलेले आणि त्याने त्याचे केलेले, अशा दोन भागांनी पात्रता बनते. पहिल्या भागाचे श्रेय त्याला देऊ नये आणि दुसऱ्याचे काढून घेऊ नये. हा विवेक शर्यतीबाहेरही पाळावा लागतो. ज्या खेळात लहान वयापासून अतोनात पैसा ओतावा लागतो, त्यात मुळात ग्रिडपर्यंत कोण पोचले हेही एका जुन्या, न दिसणाऱ्या पात्रता फेरीत ठरलेले असते. आणि ती फेरी जन्माची असते.

मग यावर उपाय कोणता? प्रत्येक मार्गानुसार दंडाचे वेगळे कोष्टक करावे, असे सुचेल. मोनॅकोत एक जागा, बुद्धवर चार. पण हे कोष्टक कोण करणार, आणि पाऊस पडला तर ते बदलणार का? अमर्त्य सेन यांनी 2009 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात 'नीती' आणि 'न्याय' या दोन जुन्या संस्कृत शब्दांत भेद केला आहे: नीती म्हणजे नियमांची व संस्थांची योग्य मांडणी, न्याय म्हणजे त्यांतून माणसांच्या आयुष्यात प्रत्यक्ष काय उतरले ते. पंचाने प्रत्येक वेळी न्याय साधायचा म्हटले, तर नीतीची खात्री जाते. आणि ज्याला आपला दंड आधी कळू शकत नाही, तो मनमानीच्या स्वाधीन होतो. भूमीचा दोष नियमाने झाकू पाहण्याचाही धोका असतो. 2025 साली मोनॅकोच्या मुख्य शर्यतीत रंगत यावी म्हणून प्रत्येकाने दोनदा टायर बदललेच पाहिजेत, असा नियम केला गेला. परिणाम असा झाला की, काही संघांनी आपल्या एका चालकाला मुद्दाम संथ चालवून मागच्यांना अडकवले आणि दुसऱ्याला वाट मोकळी करून दिली. रस्ता अरुंदच राहिला. फक्त त्या अरुंदपणाचा व्यापार करण्याची नवी युक्ती निघाली.

उलट, भूमी सुधारली म्हणजे सारे साधले असेही नाही. बुद्ध मार्गावर 2011 ते 2013 अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबॅस्टियन व्हेटेलने जिंकल्या. मागच्याला पुढे जाण्याची संधी देणारी भूमी समान निकाल देत नाही. ती फक्त एवढेच पाहते की मागे पडलेल्याचा मागासपणा कायमचा ठरू नये. माझ्या मते न्यायाने भूमीकडून एवढीच अपेक्षा ठेवावी. दंड भोगून झाल्यावर माणसाला पुन्हा पुढे येण्याची वाट असली, तरच दंड हा दंड राहतो. वाट नसेल, तर लहानातला लहान दंडही निष्कासन होतो, आणि तो देणाऱ्याने आपण फक्त तीन जागा मागे ढकलले असे म्हणून हात झटकणे ही आत्मवंचना आहे.

हे सारे बंगळूरच्या रस्त्यांवरही रोज घडते. 2019 साली वाहतुकीच्या गुन्ह्यांचे दंड देशभर कित्येक पटींनी वाढवण्यात आले, आणि त्याच वर्षी कर्नाटक सरकारला त्यांतील काही कमी करावे लागले. रिक्षावाला, घरोघरी जेवण पोचवणारा मुलगा आणि महागड्या मोटारीचा मालक यांच्या हाती सिग्नल मोडल्याची सारख्या नियमाची पावती पडते. एकाचा तो क्षणाचा वैताग असतो. दुसऱ्याची दिवसभराची कमाई जाते. नक्कल केल्याबद्दल एका वर्षाची परीक्षाबंदी होते, तेव्हाही दोन विद्यार्थ्यांचे असेच होते: एकाचे वर्ष जाते, आणि दुसऱ्याचे शिक्षणच जाते, कारण त्याच्या घरी दुसऱ्या वर्षाची सोय नसते. सिग्नल मोडू नये, नक्कल करू नये, ध्वज दिसताच वेग कमी करावा, याविषयी दुमत नाही. अपराधाला दंड हवा आणि तो आधी जाहीर केलेला हवा. परंतु तो ठरवणाऱ्याने एकदा तरी नियमपुस्तक मिटून त्या रस्त्यावरून चालत जावे. तेथे मागे पडलेल्याला पुढे येता येते की नाही, हे स्वतः पाहावे. आणि येत नसेल, तर दंडाचा आकडा लिहिण्याआधी रस्ता रुंद करण्याचे काम हाती घ्यावे.